लाल पहिला, हिरवा चौथा

छापखान्यात त्यांना सगळे रंगराव म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. रंगराव हे नाव त्यांना केस पांढरे झाल्यावर चिकटलं, आणि चिकटलं ते स्वतःच्याच तोंडामुळे. गप्प बसले असते तर काही झालं नसतं. पण नको तिथे बोलले आणि छापखान्याच्या रंगखात्याचे प्रमुख होऊन बसले. आता त्यातली मेख अशी, की या प्रमुखांना लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मापासून कळत नव्हता.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे बिचारे रडकुंडीला येणार आहेत, तेव्हा हसलात तर बरं दिसणार नाही.

शाळेत असताना त्यांनी एकदा पोपट काढला. चोच, शेपूट, डोळा, सगळं झकास. रंगवला मात्र पक्का विटकरी. चित्रकलेच्या मास्तरांनी तो कागद वर्गभर फिरवला आणि विचारलं, "काय रे, हा पोपट भाजून ठेवलास की काय?" वर्ग खदाखदा हसला. त्या दिवसापासून त्यांनी युक्ती काढली. रंगपेटीतल्या वड्या जागच्या हलू द्यायच्या नाहीत. कितवी वडी कोणत्या रंगाची, एवढं एकदा शेजारच्या पोराकडून गोडीगुलाबीने काढून घेतलं की काम भागलं.

पुढे तरुणपणी बसड्रायव्हरच्या जागेसाठी गेले, तर तिथल्या डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांची चित्रं पुढ्यात धरली. त्या ठिपक्यांत आकडा दडलेला असतो म्हणे. यांना ठिपके दिसले. आकड्याने काही दर्शन दिलं नाही. डॉक्टरने एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि पुस्तक मिटलं. घरी परतताना वडिलांनी त्यांना रस्त्याच्या कडेला थांबवलं. मग म्हणाले, "झालं ते झालं. पण हे चारचौघांत बोलू नकोस. आंधळ्याला लोक हात देतात, तुला नुसते हसतील." पोपटाचा अनुभव गाठीशी होताच. झाकली मूठ सव्वा लाखाची! ही मूठ त्यांनी संसार झाला, लेकीचं लग्न झालं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी उघडली नाही. बायकोपुढेसुद्धा नाही.

छापखान्याची नोकरी त्यांना अशी मानवली, की विचारू नका. शाई काळी, कागद पांढरा. रंगाचं काम आलंच तर ते थोरले मालक स्वतः बघत. शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करायचे ते दिवस होते, आणि रंगराव तिथे जुळारी होते. चिमणी दाणे टिपते तसे खिळे उचलायचे. पुढे खिळे भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा बाकीचे जुळारी घाबरून घरी बसले. हे मात्र महिन्याभरात कीबोर्ड बडवायला लागले. अक्षरं तीच, फक्त शाईने हात काळे होत नाहीत, एवढाच काय तो फरक, असं ते म्हणत.

छापखाना तसा चिमुकला. पुढच्या खोलीत खिडकीशी दोन कॉम्प्युटर, मागच्या खोलीत मशीन आणि त्याला जोडलेला एक स्क्रीन, आणि मधे कागदाच्या रिमांची उभी भिंत. थोरल्या मालकांच्या पश्चात त्यांची मुलगी कारभार बघायची. तिला सगळे ताई म्हणत. मशीनवर एक धिप्पाड गडी होता, त्याला मशीनदादा म्हणत. तो दिवसभर छापायचा, पण छापलेलं कधी वाचायचा नाही. "वाचत बसलो तर छापू कधी?" हा त्याचा सवाल. आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात, दिव्याखाली, प्रूफबाई. छापायच्या आधी मजकूर तपासायचं काम त्यांचं. एक चष्मा नाकावर, दुसरा केसांत, आणि शोधत असायच्या तिसराच. पण अनुस्वार चुकला तर तो त्यांना पलीकडच्या खोलीतून दिसायचा. रंगरावांचं आणि त्यांचं रोज एकदा तरी वाजायचंच. त्याशिवाय दोघांनाही काम केल्यासारखं वाटत नसे.

आता या छापखान्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. थोरले मालक म्हणायचे, पानावर रिकामी जागा सोडू नका. रिकामी जागा माणूस विसरतो. गिऱ्हाईकाकडून मजकूर यायचा असेल तर त्या जागी काहीतरी टोचणारं लिहून ठेवा, म्हणजे ते काढल्याशिवाय चैनच पडणार नाही. या प्रकाराला तिथे टोचणी म्हणत. प्रूफबाईंच्या टोचण्या म्हणजे तर काय! एका दुकानाच्या उद्घाटनपत्रिकेत त्यांनी लिहिलं होतं, "इथे प्रमुख पाहुण्यांचं नाव. कुणी तयार न झाल्यास मालकाचा मेहुणा." मजकूर आला की टोचणी निघायची, आणि बाहेरच्या कुणाला पत्ताही लागायचा नाही.

कच्च्या फाईलमध्ये टोचण्या, पक्क्या फाईलमध्ये नाहीत. म्हणजे कच्ची कोणती आणि पक्की कोणती, हे मशीनदादाला कळणं आलं. आधी तो ओरडून विचारायचा आणि पुढच्या खोलीतून कुणीतरी ओरडून सांगायचं. ताईला या आरडाओरड्याचा कंटाळा आला. एक दिवस तिने सगळ्यांना कॉम्प्युटरभोवती जमवलं.

"हे बघा," ती म्हणाली, "फाईलवर उजवं क्लिक केलं की ही रंगीत ठिपक्यांची ओळ येते. यातला एक निवडायचा, की तो फाईलच्या नावाला चिकटतो. काम कच्चं असेल तर लाल. गिऱ्हाईकाला दाखवायचं असेल तर पिवळा. चित्रं यायची असतील तर निळा. आणि सगळं झालं की हिरवा. मशीनदादा, तुम्ही फक्त हिरवा बघायचा आणि छापायचं."

"वाचायचं नाही ना?" मशीनदादाने खात्री करून घेतली.

रंगरावांनी स्क्रीनकडे बघितलं. ठिपके! परत ठिपकेच! आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्यांना वाटलं, आपण गप्प राहिलो तर या सगळ्यांना संशय येणार. खरं तर कुणाचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं. पण ते एकदम पुढे सरसावले.

"वा, ताई, वा! अहो, आजवर आपण डोळ्यांवर पट्टी बांधून काम करत होतो. रंग म्हणजे कसं, एका नजरेत कळतं! न कळायला माणूस काय दगड आहे?" आणि असंच बरंच काही. मध्येच त्यांनी निसर्गातल्या रंगांचंही कौतुक केलं म्हणे.

ताई खूश झाली. "मग काका, हे खातं तुमच्याकडेच. रंग लावणार तुम्ही, बदलणार तुम्ही. बाकी कुणी हात लावायचा नाही."

"ठरलं तर," प्रूफबाई नाकावरचा चष्मा सावरत म्हणाल्या, "आजपासून हे रंगराव."

आ बैल मुझे मार, दुसरं काय! त्या रात्री रंगरावांना जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले, एका फाईलवर क्लिक केलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ठिपके दर वेळी त्याच क्रमाने येत होते. लाल पहिला, हिरवा चौथा. लावलेल्या ठिपक्याभोवती बारीकसं कडंही दिसत होतं, म्हणजे आधी कोणता रंग लावलाय तेही जागेवरून कळत होतं. अरे, ही तर शाळेतली रंगपेटी! वड्या जागच्या हलल्या नाहीत की झालं.

आणि मग रंगरावांनी जे काम केलं ते नाव ठेवायला जागा नाही असं. एक चूक नाही. मशीनदादा हिरवा बघून डोळे मिटून छापायचा आणि काम चोख निघायचं. यश माणसाला पचत नाही हेच खरं. रंगराव हळूहळू उपदेश करायला लागले. कुणाचा कागद चुकीच्या गठ्ठ्यात गेला की म्हणायचे, "जरा डोळे उघडे ठेवून काम करत जा रे!" हे कोण म्हणतंय, तर रंगराव. धन्य आहे!

मग एकदा ते दाढ काढायला गेले. त्या दिवशी त्यांच्या कॉम्प्युटरवर ताई बसली. दिवसभरात सगळ्यात जास्त लागतो तो हिरवा, मग तो चौथ्या जागी कशाला, असं तिच्या मनात आलं. तिने हिरवा उचलून पहिला ठेवला आणि लाल त्याच्या जागी चौथा सरकवला. काम सोपं झालं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? डोळे असलेल्या माणसाला लाल लाल दिसतो आणि हिरवा हिरवा.

दुसऱ्या दिवशी रंगराव गालावर रुमाल धरून कामाला आले. एका शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या, त्यांच्या गौरवाची पुस्तिका चालली होती. फोटो आले होते, मजकूर आला होता, फक्त एक परिच्छेद शाळेकडून यायचा राहिला होता. तिथे प्रूफबाईंची टोचणी होती. मुख्याध्यापिका करारी आहेत, शिक्षक त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने उभे राहतात, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. बाईंनी लिहिलं होतं: "इथे मुख्याध्यापिकांच्या प्रेमळ स्वभावाबद्दल चार ओळी. सापडल्यास."

संध्याकाळी निघताना रंगरावांनी फाईलवर क्लिक केलं, पहिला ठिपका निवडला, त्याच्याभोवती कडं उमटलेलं बघितलं आणि ठणकणारी दाढ घेऊन घरी गेले. त्यांच्यानंतर प्रूफबाईंनी तीच फाईल उघडून एक स्वल्पविराम नीट केला आणि बंद केली. फाईलच्या नावापुढे काय चिकटलंय ते त्या कधीच बघत नसत. ते रंगरावांचं खातं.

सकाळी मशीनदादा सगळ्यांच्या आधी आला. हिरवा दिसला. छापलं, टाचलं, गठ्ठे बांधले. शाळेचा शिपाई येऊन घेऊनही गेला. समारंभ त्याच दिवशी होता. राहिलेला परिच्छेद शाळेने धाडला, तोवर पुस्तिका सभागृहात वाटून झाल्या होत्या. आणि प्रमुख पाहुण्यांनी काही तयारी केली नव्हती, म्हणून त्यांनी काय केलं, तर पुस्तिकेतलं पानच्या पान मोठ्याने वाचायला घेतलं. वाचण्याच्या ओघात "सापडल्यास"सुद्धा वाचून टाकलं.

पोरं बाकांवरून घसरली. शिक्षकांनी ओठ चावून धरले. मुख्याध्यापिका खुर्चीत ताठ बसून राहिल्या. ताई धावत जाऊन हात जोडून आली, नवी पुस्तिका छापून द्यायचं कबूल करून आली. जुन्या प्रतींपैकी मात्र एकही परत मिळाली नाही. सगळ्या शिक्षकांच्या त्या एकदमच हरवल्या.

दुपारी छापखान्यात सगळे समोरासमोर बसले. ताई कुणावर खेकसली नाही. तिने एवढंच विचारलं, "हिरवा कुणी लावला?"

"मी लाल लावला होता," रंगराव छातीवर हात ठेवून म्हणाले. "कडंसुद्धा बघितलं." आणि त्या घडीला ते अगदी खरं बोलत होते.

त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार? आजवर एक चूक नाही. मशीनदादा आपल्या खोलीतल्या स्क्रीनवर नुसता बघतो, पुढच्या कॉम्प्युटरला हात लावत नाही. मग उरलं कोण? प्रूफबाईच हळूच म्हणाल्या, "माझ्यानंतर त्या फाईलीत कुणी गेलं नाही. माझ्याच हातून झालं असणार."

"तुम्ही रंग बदललात असं आठवतंय का?" ताईने विचारलं.

"नाही आठवत," बाई म्हणाल्या. "तीच तर भीती आहे." आणि मग, "या आठवड्यानंतर मी यायची नाही. आज हे झालं, उद्या कुणाच्या मृत्यूच्या बातमीत भलताच फोटो जाईल."

ताईने खूप समजावलं. बाई बधल्या नाहीत.

रंगरावांना वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या चुकीचं वाटावं तितपतच. त्यांची झोप उडाली ती दुसऱ्या दिवशी. जुन्या दिनदर्शिकेची फाईल काढायला गेले, तर कडं पहिल्या ठिपक्याभोवती. पहिला म्हणजे लाल. कच्चं? अहो, ही तर छापून, भिंतींवर लागून, वर्ष उलटून गेलं! दुसरी जुनी फाईल बघितली. तिचंही तेच. मागच्या खोलीतल्या मशीनदादाला त्यांनी हाक मारली आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "जरा बघ रे, हा स्क्रीन बिघडलाय वाटतं. हा पहिला ठिपका तुला कसा दिसतो?"

"हिरवा," मशीनदादा म्हणाला. "तुम्ही दाढ काढायला गेलात ना, तेव्हा ताई तो पुढे घेत होती, मी बघितलं. का हो?"

"काही नाही. मला वाटलं जरा फिकट झालाय."

मशीनदादा गेला. रंगराव बसल्या जागी बसून राहिले. पुस्तिकेवर हिरवा कुणी लावला, ते आता जगात एकाच माणसाला माहीत होतं.

आता सरळ माणूस काय करेल? उठेल आणि सांगेल. पण माणूस स्वतःलाच फसवायला बसला की त्याला वकील लागत नाही. रंगरावांनी विचार केला: बाईंचं तरी वय झालंच आहे. त्याच परवा म्हणत होत्या, डोळे दुखतात म्हणून. त्यांना विश्रांतीच मिळेल. आणि ताईने रागाने थोडंच काढलंय? स्वतःहून चालल्यात. शिवाय सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ज्याने रंगांवर भाषण ठोकलं, त्याला रंगच दिसत नाहीत? तोंड दाखवायला जागा उरेल का? उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. तेवढ्यात नवा क्रम मात्र त्यांनी बिनबोभाट पाठ करून टाकला. कामात हयगय नाही हो!

पण प्रूफबाईंकडे बघवत नव्हतं. एरवी जिना चढतानाच ज्यांचा आवाज आधी यायचा, त्या आता गुपचूप येऊन बसायच्या. एकच पान परत परत वाचायच्या. दिवा बंद केला का, हे बघायला गल्लीच्या टोकावरून परत यायच्या. भांडण तर बंदच. रंगरावांनी मुद्दाम एका ओळीत दोन चुका ठेवून बघितल्या, म्हणजे तरी ओरडतील. त्यांनी त्या मुकाट्याने दुरुस्त केल्या.

आणि एका दुपारी बाईंनी मान वर केली आणि विचारलं, "अहो, 'आशीर्वाद'मधली शी दीर्घच ना?"

रंगरावांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. ही बाई मला विचारते? मला? जिने उभ्या जन्मात शब्दकोशालासुद्धा दोनदा विचारलं नसेल, ती जुळाऱ्याला विचारतेय आणि त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघतेय.

"दीर्घच," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या, "पण आता वाटण्यावर काही भरवसा राहिला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहा पुढे ठेवला, तो रंगरावांनी थंड करून टाकला. तिने विचारलं, "दाढ दुखतेय का अजून?"

"नाही. मी म्हणतो, समजा एखाद्या माणसाला एखादी गोष्ट दिसत नसेल..."

"लाल-हिरवं ना?"

रंगराव बघतच राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बाजारात जाता आणि सगळे टोमॅटो दाबून बघता. भाजीवाला कावतो तुमच्यावर. पिकलाय का ते लोक डोळ्यांनी बघतात हो!"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सांगायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. मला वाटायचं, सांगाल कधीतरी." तिने हात पदराला पुसले. "मला माहीत होतं, तर काय आभाळ कोसळलं का आपल्या घरावर?"

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पुस्तिकेचं, ठिपक्यांचं, प्रूफबाईंचं. सगळं ऐकून झाल्यावर तिने त्यांच्या पुढ्यातला कप उचलला. "आल्यावर चहा गरम करून देते," ती म्हणाली. "आधी जाऊन या."

बाईंचा शेवटचा दिवस होता. रंगराव पोचले तेव्हा त्या टेबल आवरत होत्या. शब्दकोश पिशवीत गेला होता, तिसरा चष्मा खणात सापडला होता. ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि अजून विनवत होती. मशीनदादाने मशीन बंद ठेवलं होतं. बाई जाताहेत म्हणून तोही हात पुसत दारात उभा होता.

"बाई," रंगराव म्हणाले, "तुम्ही काही केलं नाहीत. हिरवा मी लावला."

"उगाच माझी समजूत काढू नका."

"समजूत नाही. ताईंनी ठिपक्यांची जागा बदलली, ते मला कळलं नाही. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. लहानपणापासून. मी मोजून लावतो, पहिला, चौथा असं करून."

"रंगरावांना रंग दिसत नाहीत!" मशीनदादा ठो करून हसला. एकटाच. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा तो ओशाळून मशीनकडे बघायला लागला. वडिलांनी सांगितलेलं हसू ते एवढंच निघालं.

ताईने तोंडावर हात ठेवला. "काका, अहो, मग तुम्ही हे खातं घेतलंत कसं?"

"घेतलं कुठे? तुम्ही दिलंत."

प्रूफबाई मात्र रंगरावांकडे टक लावून बघत होत्या. पिशवी हातातच होती. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"आणि गप्प बसलात?"

"बसलो. लाज वाटली."

बाई मटकन खुर्चीत बसल्या, आणि मग त्यांचा आवाज असा चढला, की इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. "लाज वाटली! अहो, मी घरी गॅसला हात लावायचा सोडला! सुनेला म्हटलं, तूच पेटव बाई, मी विसरेन आणि घर जाळेन. कपाटाच्या किल्ल्या देऊन टाकल्या. नातीला शाळेतून आणायला जात होते, ते बंद केलं. म्हटलं, रस्ता चुकले, तर पोरीला घेऊन कुठे फिरू? ती रोज विचारते, आजी का येत नाही. आणि आज संध्याकाळी मुलगा मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेणार आहे. तुम्हाला लाज वाटली म्हणून!"

रंगरावांना मान वर करता येईना. आपण बाईंची नोकरी घालवतोय, एवढंच त्यांनी धरलं होतं. ती नात त्यांच्या हिशेबात नव्हतीच. "चुकलं, बाई," ते म्हणाले. "फार चुकलं." डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

बाईंनी पिशवीत हात घालून फोन काढला आणि मुलाला लावला.

"अरे, ऐक. डॉक्टरांना नको म्हणून कळव... हो, नकोच. डोकं ठिकाणावर आहे माझं. ती चूक मी केलीच नव्हती... अगदी नक्की... मग कुणी केली?" बाई थांबल्या. चष्म्याच्या वरून त्यांनी रंगरावांकडे बघितलं, पांढऱ्या केसांकडे, खाली घातलेल्या मानेकडे. "कुणी नाही रे. त्या कॉम्प्युटरचीच काहीतरी गडबड झाली होती."

रंगरावांनी झटकन मान वर केली. जिला आपण इतके दिवस जळत ठेवलं, तीच आपल्यावर पांघरूण घालतेय! त्यांना ते सोसवेना. ते पुढे झाले आणि त्यांनी हात लांब केला. "द्या इकडे."

"असू द्या हो," बाई फोनवर हात ठेवून पुटपुटल्या. "त्याला काय करायचंय?"

"द्या म्हणतो ना!" त्यांनी फोन घेतला. "हॅलो, मी तुमच्या आईंच्या छापखान्यातला जुळारी बोलतोय. कॉम्प्युटर चांगला आहे. तुमच्या आईही चांगल्या आहेत. त्यांना गॅस पेटवू द्या आणि शाळेत जाऊ द्या. चूक माझी होती. मला रंग कळत नाहीत."

पलीकडे गाड्यांचा आवाज होता. मुलाला ऐकू गेलं नाही. "काय कळत नाही?" त्याने विचारलं.

"रंग!" रंगराव ओरडले. "लाल आणि हिरवा! मला कळत नाहीत!"

मशीन बंद होतं, त्यामुळे ते पार गल्लीपर्यंत ऐकू गेलं.